चित्रांच्या पुस्तकानं पोहणं येतं का? बॅच सुरू होण्याआधीच्या तीन आठवड्यांसाठी

प्रश्न थोडक्यात असा : मुलगी साडेचार वर्षांची आहे. अंघोळीत डोक्यावरून तांब्या ओतला की रडून घर डोक्यावर घेते. मे महिन्यातल्या पोहण्याच्या बॅचला नाव घातलं आहे आणि हातात तीन आठवडे आहेत. चित्रांची पुस्तकं वाचून दाखवली तर भीती जाते का? कोणती घ्यावीत, कशी वापरावीत? आजोबा म्हणतात, आमच्या वेळी विहिरीत ढकलून द्यायचे, आपोआप यायचं.

वय अगदी योग्य आहे. चौथ्या वर्षाच्या आसपास बहुतेक मुलं शिकवणीसाठी तयार असतात, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०१९ सालचं धोरणही सांगतं. पुस्तकाचा उपयोगही होतो. पण कशासाठी होतो, हे आधी नीट समजून घ्या, नाहीतर पंचवीस पुस्तकं आणाल आणि पहिल्या दिवशी मूल तलावाचा कठडा सोडणार नाही.

पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या मुलावर किती गोष्टी एकदम येऊन आदळतात ते पाहा. अनोळखी सर, घुमणारे आवाज, क्लोरीनचा वास, थंडी, पायाखालून सुटणारी जमीन. त्यात ‘हवा सोड’, ‘पाय लांब’, ‘पोट वर’ अशा सूचना, ज्यांचा अर्थ तिला ठाऊक नाही. यातल्या दोन गोष्टी कोरड्यातच शिकवून होतात : पुढे काय होणार याचा क्रम, आणि सरांच्या सूचनांचे शब्द. पुस्तकाचं काम तेवढंच. श्वासावरचा ताबा आणि तरंगण्याचा तोल अंगानं पाण्यातच शिकायचा असतो. मात्र क्रम आणि शब्द आधी माहीत असले, तर पहिले चार-पाच दिवस रडण्यात जात नाहीत. एका महिन्याच्या बॅचमध्ये हे दिवस फार मोलाचे असतात.

आता पुस्तक कोणतं? बाजारातल्या पोहण्याच्या पुस्तकांत बेडूक, बदक, हत्तीचं पिल्लू असे नायक फार. गोष्ट म्हणून ती वाचा, मजा येते. पण कृती शिकवायला ती कामाची नाहीत. मासा पाण्यात तोंड उघडतो, बदक मान ताठ ठेवून जातं, बेडूक गुडघे फाकवून पाय मारतो. तुमच्या मुलीनं पहिल्या महिन्यात नेमक्या याच तीन गोष्टी करायच्या नाहीत. २००६ साली गॅब्रिएल सिमकॉक आणि ज्युडी डिलोश या मानसशास्त्रज्ञांनी दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना खुळखुळा कसा जोडायचा ते चित्रपुस्तकातून दाखवलं होतं. ज्यांनी रंगीत फोटो पाहिले त्यांनी रेखाचित्रं पाहणाऱ्यांपेक्षा ती कृती चांगली करून दाखवली. तुमची मुलगी त्याहून मोठी आहे, तरी दिशा तीच : चित्र खऱ्याच्या जितकं जवळ, तितकं ते पानावरून अंगात उतरतं. प्राण्यांची नावं खेळाला द्यायला मात्र हरकत नाही. बेबी पूलच्या तळाला हात टेकून, पाय मागे सोडून पुढे सरकायचं, याला ‘मगर चाल’ म्हटलं की मुलं आनंदानं करतात.

परदेशी पुस्तकांची अडचण वेगळी. त्यांतली मुलं बाथटबमध्ये सराव करतात. आपल्याकडे बादली आणि तांब्या. मुलीला चित्रातलं घर आपलं वाटत नाही आणि चित्रातला सराव घरी करता येत नाही. दंडाला फुगे किंवा कमरेला ट्यूब लावून एकटंच तरंगणारं मूल ज्या पुस्तकात दाखवलंय, ते मी घरात आणणारच नाही. ‘हे लावलं की मोठं माणूस नसलं तरी चालतं’ हा धडा त्यातून न बोलता जातो, आणि तो जिवावर बेतणारा आहे.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे : पुस्तक घरीच बनवा. गोष्टीची भूक भागवायला प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तकं आहेत. ती खुल्या परवान्याची असल्यामुळे छापता येतात, त्यांतला मजकूर आपल्या मुलासाठी बदलताही येतो. पण शिकवायचं पुस्तक तुमच्या तलावाचं, तुमच्या पायऱ्यांचं असू द्या.

बारा पानं पुरेत. आकार वहीच्या अर्ध्या पानाएवढा. एका पानावर शक्यतो एकच फोटो, खाली एक-दोन छोटी वाक्यं, मिळून सहा-सात शब्दांची, वर्तमानकाळात. ‘सई पायरीवर बसते. पाणी गुडघ्यापर्यंत येतं.’ घरात तुम्ही ‘पवायला जाणं’ म्हणत असाल, तर पुस्तकातही ‘पवायला’च लिहा. पुस्तकी भाषा आली की मूल ऐकतं, पण आपलं म्हणत नाही.

फोटो काढताना मोबाइल मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण एक मीटरवर धरा. उभ्यानं काढलेल्या फोटोत तलाव तिला कधीच दिसत नाही तसा दिसतो. बऱ्याच तलावांवर फोटो काढायला मनाई असते. व्यवस्थापकांना कारण सांगून, दोन बॅचच्या मधल्या रिकाम्या वेळेत परवानगी मागा. दुसऱ्याचं मूल एकाही फोटोत येता कामा नये आणि कपडे बदलायची खोली रिकामी असतानाच टिपायची. पाण्यातल्या कृतींसाठी सहा-सात वर्षांचं, पोहायला येणारं मावसभावंड मिळालं तर उत्तम. आपल्याहून थोड्याच मोठ्या मुलाचं मुलं पटकन उचलतात.

इथं एक बारकी गोष्ट आहे. १९९८ साली मॉरीन वाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याला घाबरणाऱ्या मुलांना दुसऱ्या मुलांचे व्हिडिओ दाखवून पोहायला शिकवलं. काही व्हिडिओंतलं मूल पहिल्यापासून सफाईदार होतं, तर काहींतलं आधी चाचरत मग जमवत होतं. दोन्हींचा फायदा झाला, पण ‘मला जमेल’ हा विश्वास चाचरणाऱ्या मुलाला पाहून जास्त वाढला. तो व्हिडिओ होता, पुस्तक नव्हे, तरी पुस्तकाला हे चपखल लागू पडतं. म्हणून एक पान असं ठेवा : मूल कठडा घट्ट धरून उभं आहे, तोंड जरा कसनुसं आहे, खाली वाक्य, ‘आज एवढंच.’ पुढच्या पानावर तेच मूल, तोच कठडा, एक हात सुटलेला. सगळ्या पानांवर दात काढून हसणारं मूल दाखवलं, तर घाबरलेल्या मुलाला एवढंच कळतं की हे पुस्तक माझं नाही.

पानांचा क्रम घरापासून घरापर्यंत ठेवा. पिशवी भरणं, तलावाचं दार, कपडे बदलणं, शॉवर, कठड्यावर बसून पाय हलवणं, पाण्यात उतरणं, बुडबुडे, डोक्यावर पाणी, उताणं तरंगणं, पाय मारणं, बाहेर येऊन टॉवेलात गुंडाळणं, पोहे. ‘आज एवढंच’ची जोडी उतरण्याच्या पानानंतर घाला. पानं थोडी वाढली तर वाढू द्या. शेवटचं टॉवेलाचं आणि खाण्याचं पान गाळू नका. हे सगळं संपतं आणि आई तिथेच असते, हे मुलीला त्या पानातून समजतं.

बुडबुड्यांच्या पानावर सगळ्यात जास्त मेहनत घ्या. नाकातोंडात पाणी जातं ते बहुधा पाण्याखाली श्वास आत ओढल्यामुळे किंवा नाक मोकळं सोडल्यामुळे. ‘श्वास रोखून धर’ असं शिकवलं की मूल गाल फुगवतं, अंग ताठ करतं आणि तीन सेकंदांनी घाबरून नेमका पाण्यातच श्वास घेतं. त्यापेक्षा ‘म्म्म’ असा आवाज शिकवा. ओठ मिटून गुणगुणलं की हवा नाकातून सतत बाहेर जाते आणि बाहेर जाणारी हवा पाण्याला आत येऊ देत नाही. पानावर तीन छोटे फोटो घ्या : तोंड वर, हवा आत; तोंड-नाक पाण्यात, ‘म्म्म’, बुडबुडे; तोंड परत वर. एकाच फोटोतून हालचाल कळत नाही, हे लक्षात ठेवा. हालचालीला कमीत कमी तीन फोटो लागतात.

घरचा सराव असा : रुंद पातेल्यात चार बोटं कोमट पाणी, ते न्हाणीघरात जमिनीवर, मुलगी गुडघ्यांवर. आधी फुंकर घालून पाणी हलवायचं, मग ओठ बुडवून, मग नाक. एका वेळी पाच-सहा बुडबुडे, बस. सराव संपला की पातेलं आणि बादली लगेच रिकामी करा. घरात रांगतं-चालतं बाळ असेल तर बादलीभर पाणीसुद्धा त्याला बुडवू शकतं.

डोक्यावरच्या पाण्याचं पान तुमच्यासाठी खास. रडण्याचं कारण बहुतेकदा पाणी नसतं, ते कधी येणार हे माहीत नसणं असतं. पानावर तांब्या हातात धरलेल्या मुलीचाच फोटो असू द्या. वाक्य : ‘एक, दोन, तीन, म्म्म.’ पहिले दोन दिवस तिनं स्वतःच्या हातानं खांद्यावर ओतायचं, मग मानेवर, मग डोक्याच्या मागच्या बाजूला, शेवटी कपाळावरून. तांब्या पाव भरलेला पुरे. मोजणं कधीही चुकवू नका. ‘दोन’ला ओतलंत तर आठवड्याची कमाई गेली. पाणी ओघळल्यावर लगेच टॉवेलानं तोंड पुसू नका. स्वतःच्या हातानं एकदा डोळ्यांवरून फिरवून पापण्या मिटू-उघडू द्या. दर वेळी तोंड पुसून मिळालेलं मूल तलावात प्रत्येक शिंतोड्याला टॉवेल मागतं, आणि पाण्यात हात तोंडाकडे गेला की तोल जातो.

उताणं तरंगण्याच्या पानावर कान पाहा. कानात पाणी शिरतंय असं वाटलं की मूल डोकं उचलतं, डोकं उचललं की कंबर खाली जाते, मग पाय, मग सगळंच. म्हणून फोटोत कान पाण्यात बुडालेले आणि नजर छताकडे स्पष्ट दिसली पाहिजे. वाक्य : ‘कान पाण्यात. पोट वर.’ सरांचा हात मानेखाली आणि पाठीखाली आहे, तोही फोटोत दिसू द्या. हात न दाखवता ‘बघ, आपोआप तरंगते’ असं पान केलंत, तर पहिल्या दिवशी तिला फसवल्यासारखं वाटेल. वाचताना पलंगावर उताणं झोपवा, तुमचे तळहात तिच्या कानांवर ठेवा आणि बोला. कान झाकले की आवाज कसा बदलतो, ते आधीच ओळखीचं होतं.

पाय मारण्यासाठी नुसतं पान पुरत नाही, जोडीला बाहुली करा. मुलीचा उभा फोटो पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, दोन्ही पाय वेगळे कापून कमरेशी पितळी पिनेनं जोडा. सांधा कमरेला हवा, गुडघ्याला नको. गुडघ्याला सांधा दिलात की बाहुली सायकल चालवते आणि मूल पाण्यात तेच करतं : गुडघे पोटाशी, पाणी खाली ढकललं जातं, पुढे सरकणं शून्य. नवशिक्यांत हा दोष इतका सर्रास दिसतो की सरांचे दोन-तीन तास तो काढण्यातच जातात. बाहुलीचे पाय वरखाली करत म्हणायचं, ‘पाय लांब, बोटं लांब.’ मग मुलीला पलंगाच्या कडेला पालथं झोपवून वीस वेळा.

छपाई शक्यतो लेझर प्रिंटची करा. साध्या शाईच्या प्रिंटवर एक थेंब पडला तरी रंग पसरतो. लॅमिनेशन करताना कागद पाउचपेक्षा चारही बाजूंनी लहान हवा, आणि रिंगेची भोकं कागदात न पाडता कडेच्या नुसत्या प्लॅस्टिकमध्ये पाडायची. त्यासाठी डावीकडे दीड सेंटिमीटर पट्टी सोडा. भोक कागदातून गेलं की तिथून पाणी शिरतं आणि आठवड्यात पान फुगतं. कोपरे कात्रीनं गोल करा, टोचतात. लोखंडी रिंग गंजते, नायलॉनची दोरी बरी.

वाचायचं कधी? झोपताना नको. अंघोळीच्या आधी वाचा, म्हणजे पानावरून उठून थेट पाण्याशी गाठ पडते. पाच ते सात मिनिटं, रोज तेच पुस्तक. तुम्हाला कंटाळा येईल, तिला येणार नाही. वाचताना ‘भीती वाटते का?’ हा प्रश्न अजिबात विचारू नका, आणि ‘घाबरायचं नाही हं’ हे वाक्यसुद्धा नको. दोन्हींतून इथे घाबरण्यासारखं काहीतरी आहे, असंच तिला समजतं. त्याऐवजी बोट ठेवून विचारा : तिचे कान कुठे आहेत? हवा आत चालली की बाहेर? पुढच्या पानावर काय होणार? तिनं ‘पाण्यात’ म्हटलं तर तुम्ही ‘हो, कान पाण्यात, पोट वर’ असं एक पाऊल पुढे न्या. हळूहळू पुस्तक तिच्या हातात द्या आणि तिनं तुम्हाला वाचून दाखवावं.

पहिला आठवडा नुसतं पुस्तक आणि पातेलं. दुसऱ्या आठवड्यात तांब्या, पलंगावरचं तरंगणं, बाहुली. तिसऱ्या आठवड्यात एकदा, जमलं तर दोनदा, तलावावर जाऊन या, पण पाण्यात उतरवू नका. पुस्तक हातात घेऊन एकेक पान प्रत्यक्षात शोधा : हे दार, हा शॉवर, ही पायरी. ‘सापडलं!’ म्हणत फिरणाऱ्या मुलाला त्या जागेची धास्ती राहत नाही. याच भेटीत सरांना किंवा ताईंना भेटा आणि ते कोणते शब्द वापरतात ते विचारा. ते ‘फुगे सोड’ म्हणत असतील तर पुस्तकातले ‘बुडबुडे’ खोडा. एका कृतीला घरात एक नाव आणि तलावात दुसरं, यानं चांगली तयारी वाया जाते. शिकवण्याचा क्रमही विचारा. काहीजण तरंगणं आधी घेतात, काही पाय मारणं. पुस्तक दोरीनं बांधलेलं असल्यामुळे पानं पुढेमागे करता येतात.

बॅच सुरू झाल्यावर अख्खं पुस्तक काठावर न्यायचं नाही. त्या दिवसाची दोनच पानं सोडवून न्या, उतरण्याआधी दाखवा आणि पिशवीत ठेवा. मूल रडत असताना तोंडासमोर पान नाचवू नका. त्या वेळी तिला काही दिसत नसतं, आणि मग तेच पान रडण्याशी जोडलं जातं. ज्या मुलांना कानाचं यंत्र आहे, त्यांना ते पाण्यात उतरण्याआधी बहुधा काढावं लागतं, मग सरांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. त्यांच्यासाठी मात्र हीच पानं पूर्ण तासभर काठावर हवीत. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांनाही क्रमाची चित्रं खूप आधार देतात.

पुस्तक करूनही मूल कुडकुडत बाहेर पळत असेल तर दोष पुस्तकात शोधू नका, पाण्यात हात घाला. मोठी माणसं २६-२७ अंशांच्या पाण्यात आरामात पोहतात. एवढ्या लहान मुलाला ३० अंशांच्या आसपास पाणी हवं, नाहीतर पंधरा-वीस मिनिटांत ओठ निळे पडतात. सकाळी सहाची बॅच असेल तर नऊची मिळते का बघा. आणि ‘पुस्तकातलं सगळं केलंस तर आइस्क्रीम’ असा सौदा करू नका. पुस्तक परीक्षा झालं की ती ते उघडणार नाही.

आजोबांचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. विहिरीवर पोरं शिकली ती पाठीला डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून, नाहीतर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या आधारानं. कमरेला दोर, दोराचं टोक काकाच्या हातात आणि खाली पाण्यात दुसरा कुणीतरी थांबलेला. आधार दिवसागणिक कमी करत नेणारी ती चांगली पद्धत होती. ढकलणं तेवढं लक्षात राहिलं. आजोबांनाच सांगा, त्या दोराचं आणि भोपळ्याचं चित्र काढून द्या म्हणून. पुस्तकात एक पान ते असू द्या.

आणि एक पान सुरक्षेचं, तेही धमकीचं नको. ‘आधी विचारायचं. मोठं माणूस हातभर अंतरावर. मग पाणी.’ हातभर म्हणजे खरंच हात लांबवला की मूल हाताशी लागेल इतकं. खुर्चीवर मोबाइल घेऊन बसलेला बाबा त्यात मोडत नाही. गावी जाणं-येणं असेल तर शेततळ्याचा फोटो जरूर घाला. तलावात सराव झालेलं मूल निळं पाणी दिसलं की उतरायला बघतं. शेततळ्याचं प्लॅस्टिक ओलं झालं की इतकं निसरडं होतं की पोहता येणारा मोठा माणूससुद्धा चढून बाहेर येऊ शकत नाही. फोटोत कुंपण दिसू द्या, मूल कुंपणाच्या बाहेर दिसू द्या. वाक्य : ‘इथे आपण बाहेरच थांबतो. कुणी पडलं तर मोठ्यानं ओरडतो.’ उडी मारून वाचवायला जाणारं शूर मूल कोणत्याही पानावर दाखवू नका.

शेवटी तीन पानं कोरी ठेवा, लॅमिनेट न केलेली. तलावावरून आल्यावर, खाणं झालं की, आज काय केलं ते तिनं काढायचं. चित्रात मूल पाण्याच्या वर आहे की आत, सर किती जवळ आहेत, कान कुठे आहेत, हे पाहिलंत की उद्या कोणती दोन पानं न्यायची ते तुम्हाला आपोआप समजेल.